पार्श्वभूमी : थीम पार्कमधला मोकळा दिवस कुठे गेला?

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या पावसाळ्याच्या तोंडावर थांबतात, वाळूत वर ओढून झाकून ठेवल्या जातात आणि दर्या निवळेपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. त्यामुळे ‘सिझन संपला’ या शब्दांचा अर्थ कोकणात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. जगातल्या मोठ्या थीम पार्कांनाही एके काळी असाच हंगाम होता. फाटकाला कुलूप लावण्याचे महिने होते, आठवड्यातले सुटीचे वार होते. आज फ्लोरिडा, कॅलिफोर्निया किंवा टोकियोजवळच्या प्रसिद्ध पार्कांमध्ये कमी गर्दीचा आठवडा शोधणाऱ्या कुटुंबाच्या हाती फारसे काही लागत नाही, आणि त्याला एकटी लोकप्रियता जबाबदार नाही. तिथले रिकामे दिवस आपोआप भरले नाहीत; ते एकेक करून भरण्यात आले.

करमणुकीच्या बागांचा जुना इतिहास युरोपचा आणि तिथल्या उन्हाळ्याचा आहे. डेन्मार्कमधील बाकेन ही बाग १५८३पासूनची मानली जाते, कोपनहेगनमधील टिव्होली १८४३ची. हिवाळ्यात पाळण्यावर बसायला कोणी येत नसे, म्हणून थंडीत बागा बंद राहत. आपल्याकडच्या जत्रेचे गणितही हंगामाचेच आहे. भात कापून, झोडून घरात आले की हात मोकळे होतात आणि मग गावोगावच्या जत्रा लागतात. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या यात्रेला तर ठरलेली तिथीही नसते. देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो आणि तो जाहीर होताच मुंबईचे चाकरमानी रेल्वेच्या तिकिटांमागे लागतात. जत्रा उठली की पाळणेवाला आपला पाळणा सोडवतो आणि पुढच्या गावी जातो. थीम पार्कचा पाळणा मात्र काँक्रीटमध्ये रोवलेला असतो, त्याला पुढचे गाव नसते.

कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नीलँड उघडले, तेव्हा तिथली बारमाही सौम्य हवा ही त्या जागेची मोठी जमेची बाजू होती. तरीही सुरुवातीच्या दशकांत सुट्यांचा हंगाम नसला की सोमवारी आणि मंगळवारी फाटक बंद ठेवण्याची रीत होती. आठवड्याचे सातही दिवस आणि वर्षभर पार्क चालू ठेवण्यास सुरुवात झाली ती १९८५मध्ये. यामागचा हिशेब सरळ आहे. जमीन, यंत्रे, कर्जाचे व्याज, विमा आणि कायम कामगारांचे पगार हा खर्च फाटक बंद असले तरी चुकत नाही, उलट एक पाहुणा जास्त आला तर त्याच्यावर होणारा वाढीव खर्च अगदी थोडा असतो. त्यात १९७१पासून फ्लोरिडात डिस्नीच्याच पार्कांभोवती हजारो खोल्यांची हॉटेले उभी राहिली. आज रिकामी राहिलेली खोली उद्या दोनदा विकता येत नाही, हे तारकर्लीतला घरगुती निवास चालवणारा माणूसही जाणतो. खोल्या भरायच्या तर पार्क चालू हवा, आणि पार्क चालू असूनही लोक येत नसतील तर त्यांना बोलावण्यासाठी काहीतरी निमित्त हवे.

निमित्ते शोधण्यात हा व्यवसाय कमालीचा तरबेज निघाला. कॅलिफोर्नियातीलच नॉट्स बेरी फार्म या पार्कने १९७३मध्ये ऑक्टोबरच्या रिकाम्या रात्रींसाठी भुताखेतांचा हॅलोवीन सोहळा सुरू केला, आणि आज ऑक्टोबर हा अनेक पार्कांचा भरगच्च महिना झाला आहे. फ्लोरिडात नाताळच्या सुटीनंतरचा जानेवारी ओसाड असे. तिथे १९९४पासून मॅरेथॉन भरू लागली. वसंतात फुलांचे उत्सव आले, शरदात खाद्यमहोत्सव. ज्या टिव्होलीला कधी हिवाळ्यात कुलूप असे, तिनेही १९९४पासून नाताळचा हंगाम धरला, आणि नेदरलँड्समधील १९५२चे एफ्टेलिंग २०१०पासून वर्षाचे सर्व दिवस उघडे राहू लागले. पृथ्वीच्या दक्षिण भागाचे पंचांगही मदतीला आले. ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या शाळांना जानेवारीत उन्हाळी आणि जुलैत हिवाळी सुटी असते, त्यामुळे तिथल्या मुलांच्या टोळ्या नेमक्या वेगळ्या आठवड्यांत फ्लोरिडात उतरतात. जपानमध्ये शाळा-महाविद्यालयांचा निरोप मार्चमध्ये होतो आणि टोकियोजवळच्या, १९८३मध्ये उघडलेल्या डिस्नीलँडमध्ये त्या सुमाराला तरुण पोरापोरींची रीघ लागते. एका देशाच्या सुटीत पडलेली फट दुसऱ्या देशाची सुटी बुजवते.

तिकिटाच्या रचनेत झालेला बदल याहून कमी दिसणारा, पण माझ्या मते जास्त परिणामकारक ठरला. डिस्नीलँडमध्ये अगदी सुरुवातीचे काही महिने सोडले तर पाहुण्याला कुपनांचे पुस्तक मिळे. साध्या खेळांसाठी ‘ए’ कुपन, आणि १९५९पासून सर्वांत थरारक खेळांसाठी ‘ई’. ‘ई’ची कुपने मोजकीच असत, म्हणून मोठा खेळ जपून खेळला जाई आणि उरलेली कुपने संपवण्यासाठी माणसे लहान खेळांकडेही वळत. १९८२मध्ये ही पुस्तके बंद झाली आणि एकदा फाटकात पैसे भरले की आत सारे खुले, अशी पद्धत रूढ झाली. आता सर्वांत मोठ्या खेळात पुन्हा पुन्हा बसायला वेगळे पैसे पडत नव्हते. फक्त वेळ पडत होता. जत्रेत प्रत्येक पाळण्याला वेगळे पैसे मोजणारा बाप मुलाला दोन फेऱ्यांनंतर खाली उतरवतो, तसे उतरवणारे इथे कोणी राहिले नाही. त्याच दशकात वार्षिक पास आले. जवळ राहणारा पासधारक कामावरून सुटल्यावर दोन तासांसाठी, केवळ जेवायला किंवा आतषबाजी पाहायलाही येऊ लागला, कारण त्याची विसावी खेप त्याला फुकट होती. आठवड्याच्या मधले वार भरले ते मुख्यतः या माणसांनी.

इथे गर्दी म्हणजे काय, हे नीट पाहावे लागते. लहान गावच्या जत्रेत दुपारी गेलो तर चार खुर्च्यांचा हाताने फिरवायचा लाकडी पाळणा उभाच दिसतो. दोन मुले आत बसून कंटाळलेली असतात, पाळणेवाला दांडीला टेकून विडी ओढत असतो आणि चारही खुर्च्या भरेपर्यंत तो पाळण्याला हात लावत नाही. रात्री दशावतार उभा राहायच्या आधी तिथेच झुंबड उडते, तेव्हा तोच माणूस फेऱ्या कमी करतो आणि भराभर माणसे उतरवतो. म्हणजे थांबावे दोन्ही वेळी लागते. मोठ्या पार्कांत हाच प्रकार आकडेमोडीने चालतो. पाहुणे कमी येणार असा अंदाज असला की रूळगाडीच्या डब्यांच्या तीन माळांऐवजी दोनच सोडल्या जातात, काही खिडक्या उघडल्या जात नाहीत, काही खेळ दुरुस्तीसाठी त्याच आठवड्यात बंद ठेवले जातात आणि फाटकही लवकर लागते. त्यामुळे कमी पाहुण्यांच्या दिवशीही रांग तेवढीच लांब भासते. पार्क भरलेले वाटणे आणि पार्क भरलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्षभराच्या गर्दीतला बराचसा भाग पहिल्या प्रकारात मोडतो.

याच संदर्भात १९९९मध्ये फ्लोरिडातील डिस्नीच्या पार्कांत सुरू झालेल्या फास्टपास या व्यवस्थेवरचा वाद अजून मिटलेला नाही, आणि तो थोडा सविस्तर पाहण्यासारखा आहे. मोठ्या खेळापाशी यंत्र बसवले होते. त्यात तिकीट घातले की तासाभराची मुदत छापलेली चिठ्ठी मिळे. त्या मुदतीत परत आले की वेगळ्या, आखूड रांगेतून आत जाता येई. ही चिठ्ठी सर्वांना फुकट होती. कल्पना आकर्षक होती, कारण रांगेत उभा असलेला माणूस ना काही विकत घेतो ना काही खातो, आणि रांगेतून सुटलेला माणूस दुकानात किंवा उपाहारगृहात जातो. म्हाताऱ्या माणसांना सावलीत बसता येते, मुलांना वेळेवर जेवता येते, हेही खरेच होते.

पण चिठ्ठीने खेळाची क्षमता वाढत नाही. समजा, एका खेळात तासाला १६०० माणसे बसतात आणि त्यातल्या १२०० जागा चिठ्ठीवाल्यांना दिल्या. साध्या रांगेसाठी ४०० उरल्या. आता साध्या रांगेत ४०० माणसे दिसत असतील, तर सगळ्या जागा त्यांनाच मिळाल्या असत्या तर पंधरा मिनिटांत रिकामी होणारी ही रांग तासभर हलत राहते. चिठ्ठीवाले पूर्वी याच रांगेत पुढे उभे असते, तेव्हा एकूण हिशेब तोच, असे समर्थक म्हणतात आणि त्या एका खेळापुरते ते बरोबरही आहे. मात्र पूर्वी एका माणसाने एका वेळी एकच रांग अडवलेली असे. आता त्याची एक अदृश्य रांग चिठ्ठीच्या रूपाने खिशात असते आणि तो स्वतः दुसऱ्या कुठल्यातरी, पूर्वी मोकळ्या असणाऱ्या लहान खेळाच्या रांगेत उभा असतो. माणसे तेवढीच राहून रांगा वाढल्या, आणि ज्या वाटा पूर्वी मोकळ्या असत तिथे रांगेबाहेर काढलेली माणसे फिरू लागली. साध्या रांगेतील माणसाला तर आपल्या शेजारून पुढे जाणारी माणसे डोळ्यांनी दिसतात, हा त्रास मिनिटांत मोजता येत नाही.

पुढचा टप्पा २०१४मध्ये आला. फ्लोरिडात चिठ्ठीची जागा फोनवरील आगाऊ आरक्षणाने घेतली. पार्कच्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना ६० दिवस आधी आणि इतरांना ३० दिवस आधी वेळ राखून ठेवता येऊ लागली. कोकण रेल्वेच्या गणपतीच्या गाड्यांचे आरक्षण कसे पहिल्या काही मिनिटांत संपते, हे ज्याने पाहिले आहे त्याला पुढे काय झाले असेल ते सांगायला नको. अखेर ऑक्टोबर २०२१मध्ये ही सोय सशुल्क झाली. फ्लोरिडात सुरुवातीचा दर माणशी दिवसाला १५ डॉलर होता, तर दोन महिन्यांनी कॅलिफोर्नियात २० डॉलर. जे बावीस वर्षे फुकट होते ते विकाऊ झाले, हा टीकाकारांचा आक्षेप. फुकट असताना चिठ्ठी सगळेच घेत, त्यामुळे तिचा उपयोग कोणालाच होत नसे, हा चालकांचा युक्तिवाद. देवळातल्या सशुल्क दर्शनाच्या रांगेवर आपल्याकडे चालणारी चर्चा ज्यांनी ऐकली आहे त्यांना दोन्ही बाजूंचे शब्द ओळखीचे वाटतील. एक गोष्ट मात्र नजरेआड होऊ नये. लांब रांग हा पूर्वी चालकांच्या दृष्टीने निव्वळ दोष होता. रांग चुकवण्याची सोय विकायला काढल्यावर रांग पूर्णपणे नाहीशी होण्यात त्यांचे तितकेसे हित उरले नाही.

दरांनीही गर्दी सपाट केली. २०१६मध्ये कॅलिफोर्नियातील डिस्नीलँडमध्ये एका दिवसाच्या तिकिटाचे तीन दर ठरले : शांत दिवसाला ९५, मधल्या दिवसाला १०५ आणि गर्दीच्या दिवसाला ११९ डॉलर. हेतू असा की सवड असलेल्या माणसाने स्वस्त वार पकडावा. त्याने तो पकडला, म्हणून तो वारही भरला. त्याच सुमारास गर्दीचे भाकीत सांगणारी पंचांगे इंटरनेटवर घरोघर वाचली जाऊ लागली आणि ‘या मंगळवारी शुकशुकाट असेल’ हे वाचून त्या मंगळवारी हजारो माणसे हजर होऊ लागली. साथीच्या काळात कॅलिफोर्नियातील फाटक १४ मार्च २०२०पासून ३० एप्रिल २०२१पर्यंत बंद राहिले. उघडल्यावर तिकिटासोबत दिवसाचे आरक्षणही सक्तीचे झाले आणि जुने वार्षिक पास रद्द होऊन अटींचे नवे पास आले. कोणत्या दिवशी किती माणसे येणार हे चालकांना आधीच कळू लागले, आणि त्या आकड्यावर कामगार व गाड्या मोजून लावणे आणखी सोपे झाले.

आपल्या किनाऱ्यावर हा इतिहास उशिरा आणि अर्धाच पोहोचला आहे. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९चे, शेजारचे वॉटर किंगडम १९९८चे; मार्वेच्या लाँचमधून खाडी ओलांडून तिथे जाणे हाच अनेकांच्या आठवणीतला पहिला खेळ आहे. खोपोली-पाली रस्त्यावरील इमॅजिका २०१३मध्ये उघडले. कोकणचा पाऊस पाहता तिथले अनेक खेळ छपराखाली आहेत, हा योगायोग नव्हे. तरीही इथली गर्दी परदेशासारखी सपाट झालेली नाही. मे महिना, दिवाळी आणि नाताळ हे सुळके कायम आहेत, आणि आषाढ-श्रावणातले मधले वार आजही ओस असतात. २०१७मध्ये या तिकिटांवर २८ टक्के जीएसटी लागला आणि २०१८च्या जानेवारीत तो १८ टक्क्यांवर आला, याची चर्चा खूप झाली. पण मधले वार भरण्याचे काम करसवलतीपेक्षा शाळांच्या सहलींनी जास्त केले आहे. दिवाळीनंतर सहामाहीचे निकाल लागले की सहलींचे अर्ज आगारांत पडू लागतात. शनिवार-रविवारी गर्दी असते म्हणून मुख्याध्यापक जाणूनबुजून मंगळवार किंवा बुधवार निवडतात, आणि मुलांना पहाटे तीनला उठवून आणलेली एसटी वाहनतळावर शिरते तेव्हा चिपळूण, दापोली आणि महाड आगारांच्या लाल गाड्या तिथे आधीच ओळीने लागलेल्या असतात.