नाकातलं ‘मांस’ वाढतं म्हणजे काय?

इंदूरच्या सराफ्यात रात्री अकराच्या सुमारास मामांच्या हातात भुट्ट्याच्या किसाचा दोना होता. तुपातल्या मोहरी-मिरचीचा वास मला चार पावलांवरून आला. मामा म्हणाले, “गरम आहे, एवढंच कळतंय.” दोन वर्षं नाक बंद, आणि घरातल्या सगळ्यांचं निदान एकच: नाकात मांस वाढलंय.

पुढे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे दुर्बिणीच्या पडद्यावर ते ‘मांस’ पाहिलं. सोललेल्या द्राक्षांसारखे फिकट, चकचकीत झुबके. डॉक्टरांनी सळईने एक झुबका हलवला, मामा ढिम्म! शेजारच्या गुलाबी उंचवट्याला सळई लागली मात्र, डोळ्यांत टचकन पाणी आलं. तो उंचवटा प्रत्येकाच्या नाकात असतो. आरशासमोर टॉर्च मारून कित्येक जण त्यालाच मांस समजून घाबरतात.

खरा झुबका म्हणजे पॉलिप. सुश्रुतांनी त्याला नासार्श म्हटलंय. अर्श म्हणजे मूळव्याध, हे कळल्यावर मामांनी तो शब्द घरात काढायचा नाही अशी ताकीदच दिली.

पॉलिपमध्ये मांस नसतंच, सुजेचं पाणीच जास्त. नाक आणि सायनसची, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांची, सूज बारा आठवड्यांपेक्षा जास्त टिकली की ती जुनाट समजतात. अशा सुजेत बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तद्रव झिरपतो आणि त्यातून फायब्रिनचं, म्हणजे रक्ताची गुठळी बांधणाऱ्या प्रथिनाचं, जाळं विणलं जातं. एरवी शरीर हे जाळं विरघळवून टाकतं. पॉलिपमध्ये ते काम मंदावतं, जाळं पाणी धरून बसतं, आणि भिजवलेल्या सब्जासारखं अस्तर फुगून लोंबू लागतं.

पण पाणी काढून टाकलं तरी पॉलिप परत का येतो? उत्तर अस्तराच्या तळाशी आहे. तिथल्या तळपेशींपासून नेहमी दोन प्रकारच्या कामकरी पेशी तयार होतात: शेंबूड बनवणाऱ्या, आणि केसासारख्या तंतूंनी तो घशाकडे ढकलणाऱ्या. पॉलिपमध्ये तळपेशींची गर्दी होते, पण त्या पुढे शिकतच नाहीत. वर्ग तुडुंब, आणि सगळी पोरं बाराखडीवरच!

२०१८मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पॉलिपमधली एकेक पेशी तपासली. पॉलिपमधल्या तळपेशी शरीराबाहेर बशीत कित्येक आठवडे वाढवल्या, तरी सुजेच्या काळातल्या सवयी त्यांनी सोडल्या नव्हत्या. इंटरल्यूकिन-४ आणि १३ हे सूज पेटवणारे निरोप जणू त्यांच्या अंगवळणी पडले होते. हे मला सगळ्यांत थक्क करणारं वाटतं. आठवण ठेवणं हे रोगप्रतिकारक पेशींचं काम, अस्तरानेही ते करावं! याच दोन निरोपांचा रस्ता अडवणारं डुपिलुमॅब हे इंजेक्शन २०१९मध्ये अमेरिकेत पॉलिपसाठी मंजूर झालं.

मामांना ते लागलं नाही. शस्त्रक्रियेत झुबके निघाले, सायनसची तोंडं मोकळी झाली. (पॉलिप एकाच बाजूला असता, तर तुकडा तपासल्याशिवाय डॉक्टर पुढे गेलेच नसते.) मग रोज मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि स्टेरॉइडचा फवारा.

तिसऱ्या आठवड्यात मामांचा फोन. “अरे, शेजारच्यांनी आज हिंग जाळला!” आवाजात काय आनंद! लगेच दुसरा प्रश्न, “आता फवारा बंद करू ना?”

तळपेशींची गोष्ट मी त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली.