कोडिंग सहायकाला हवी ती ओळ कशी सापडते?

कांद्याच्या लिलावानंतर शेतकऱ्याच्या हाती पडणारी हिशोबपट्टी छापणारी एक संगणक प्रणाली नाशिकमधील एखाद्या कार्यालयात वर्षानुवर्षे वाढत गेली आहे, असे समजू. तिच्यात हजारो फाइली आहेत आणि पट्टीतून हमाली दोनदा वजा होते, अशी तक्रार आली आहे. हे काम कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या कोडिंग सहायकाकडे सोपवले, तर दुरुस्ती लिहिण्याआधी त्याला नेमकी जागा शोधावी लागते. अशा सहायकामागील भाषा प्रारूपाला (मजकूर वाचून मजकूर लिहिणाऱ्या प्रणालीला) एका वेळी मर्यादित मजकूरच वाचता येतो आणि त्यात नको त्या फाइली भरल्या, तर खर्च वाढतोच, शिवाय उत्तरही भरकटते.

सर्वांत सरळ मार्ग अक्षरे जुळवण्याचा. केन थॉम्पसन यांनी लिहिलेले आणि १९७३ पासून युनिक्स या संगणक कार्यप्रणालीत असलेले 'ग्रेप' हे शोधसाधन हेच करते. मात्र प्रत्येक वेळी सगळ्या फाइली वाचणे मोठ्या प्रकल्पात परवडत नाही, म्हणून त्रयाक्षरी सूची, म्हणजे सलग तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांची सूची, वापरतात. रोमन लिपीत लिहिलेल्या 'हमाली' या नावाची सहा अक्षरे एच-ए-एम, ए-एम-ए, एम-ए-एल आणि ए-एल-आय अशा चार तुकड्यांत बसतात. कोणता तुकडा कोणत्या फाइलींत आहे, याची नोंद आधीच केलेली असल्याने चारही याद्यांत येणाऱ्या मोजक्या फाइली उघडून तपासणे पुरते. तपासावे लागतेच, कारण चारही तुकडे असलेल्या फाइलीत ते नाव सलग असेलच असे नाही. गूगलच्या 'कोड सर्च' या कोड शोधण्याच्या सेवेमागील ही पद्धत रस कॉक्स यांनी २०१२ मध्ये सविस्तर उलगडून दाखवली.

पण प्रोग्रामरने हमाली वजा करणाऱ्या फंक्शनला, म्हणजे ते एक काम करणाऱ्या कोडच्या भागाला, 'मजुरी खर्च' असे काही नाव दिले असेल, तर अक्षरशोध रिकाम्या हाताने परततो. तेथे अर्थाधारित शोध उपयोगी पडतो. कोडच्या प्रत्येक तुकड्याचे शेकडो आकड्यांच्या मालिकेत असे रूपांतर करतात की अर्थ जवळचा असेल तर मालिकाही जवळच्या येतात, आणि प्रश्नाच्या मालिकेशी जवळ असलेले तुकडे निवडतात. हे तुकडे ठरावीक ओळींवर न कापता पूर्ण फंक्शननुसार पाडलेले बरे, कारण अर्धवट फंक्शनवरून काहीच कळत नाही.

तरीही केवळ अर्थावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. वजावट करणारे फंक्शन आणि वजावट परत देणारे फंक्शन या शोधाला जवळपास सारखेच भासू शकते. शिवाय हमाली दोनदा का वजा होते, हे कळण्यासाठी ते फंक्शन कोठून कोठून कॉल होते, म्हणजे कोडमधील कोणकोणत्या जागांवरून वापरले जाते, हेच पाहावे लागते, आणि त्यासाठी कोडच्या व्याकरणानुसार असे संदर्भ शोधणारे साधन हवे. अर्थाने दिशा मिळवावी, नाव हाती लागले की अक्षरांनी आणि संदर्भांनी खात्री करावी, हा क्रम मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

सूची शिळी होण्याचा प्रश्न मात्र उरतो. सहायक स्वतःच कोड बदलत असतो, त्यामुळे काही क्षणांपूर्वीची नोंदही चुकीची ठरू शकते. म्हणून चांगले साधन बदललेल्या फाइलींची नोंद लगेच नव्याने करते आणि उताऱ्यासोबत फाइलीचे नाव व ओळ क्रमांक देते, म्हणजे सहायकाला मूळ फाइल उघडून पडताळणी करता येते.