सार्वजनिक विद्यापीठे आणि प्रादेशिक अर्थविकास

शासकीय निधीवर चालणाऱ्या विद्यापीठाचा आसपासच्या प्रदेशातील उत्पादन, रोजगार, वेतनमान आणि उद्योगरचना यांवर होणारा परिणाम. विद्यापीठ स्वतः मोठा नियोक्ता व ग्राहक असते, कुशल मनुष्यबळ घडवते आणि त्यातील संशोधन उद्योगांपर्यंत झिरपते.

विद्यापीठाद्वारे प्रदेशाचा विकास साधण्याच्या कल्पनेच्या उगमाबाबत मतभेद आहेत. अमेरिकी लेखक बहुधा १८६२ च्या मॉरिल कायद्यापासून आरंभ करतात. या कायद्याने प्रत्येक राज्याला संसदेतील दर सदस्यामागे ३०,००० एकर संघीय जमीन मिळाली आणि तिच्या विक्रीतून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये उभारायची होती. (ही जमीन बहुतांशी मूळ रहिवासी जमातींकडून घेतलेली होती, ही बाब जुन्या नोंदींत सहसा येत नाही.) मात्र मिशिगनने असे कृषी महाविद्यालय १८५५ मध्येच स्थापले होते, त्यामुळे कायद्याने नवी कल्पना मांडली असे म्हणण्यापेक्षा चालू प्रयोगाला पैसा पुरवला, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. जर्मन परंपरेचे अभ्यासक आणखी मागे जातात. रसायनशास्त्रज्ञ लीबिख १८२४ मध्ये जर्मनीतील गीसेन येथे प्राध्यापक झाले. तेथील त्यांची रसायनशाळा आणि सु. १८५१-५२ मध्ये लाइपझिगजवळ म्योकर्न येथे निघालेले कृषी प्रयोगकेंद्र यांना हे अभ्यासक या कल्पनेचे मूळ मानतात. प्रत्यक्ष शेतीवर परिणाम घडवला तो प्रयोगकेंद्रांनी (अमेरिकेत हॅच कायदा, १८८७) व विस्तारसेवेने, म्हणजे संशोधन शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवणाऱ्या यंत्रणेने (स्मिथ-लीव्हर कायदा, १९१४); हे ध्यानी घेता जर्मन पक्षात तथ्य अधिक दिसते. ‘सार्वजनिक’ ही संज्ञाही सैल आहे: मॉरिल अनुदान मिळालेल्यांत कॉर्नेल व एमआयटी या खाजगी संस्थाही होत्या.

विस्कॉन्सिन विद्यापीठाचे उदाहरण नेहमी दिले जाते. तेथे स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० मध्ये दुधातील स्निग्धांश मोजण्याची सोपी चाचणी सिद्ध केली. सल्फ्युरिक आम्लाने इतर घटक विरघळवून अपकेंद्री यंत्राने स्निग्धांश वेगळा करायचा व बाटलीच्या मानेवरील खुणांवर तो वाचायचा, अशी तिची रीत. तोवर दुधाचा भाव वजनावर ठरे. साहजिकच पाणी घालणाऱ्याचा फायदा होई. बॅबकॉक यांनी पेटंट घेतले नाही. उलट त्याच विद्यापीठातील स्टीनबॉक यांनी ड जीवनसत्त्वाविषयीच्या शोधाचे पेटंट घेतले व त्यातून १९२५ मध्ये संशोधन प्रतिष्ठान उभे राहिले. संघीय निधीतील शोधांचे हक्क विद्यापीठांना देणारा बे-डोल कायदा १९८० चा आहे.

परिणामाचे मोजमाप हा खरा वादाचा विषय. विद्यापीठांच्या स्वतःच्या अहवालांत कर्मचारी व विद्यार्थी यांचा खर्च गुणकाने (एका खर्चातून पुढे होणाऱ्या खर्चाचा अंदाज धरून) वाढवून दाखवण्याची पद्धत असते. तिच्यातील दोष उघड आहे: स्थानिक विद्यार्थ्याने तो खर्च विद्यापीठाविनाही केला असता, आणि शासकीय अनुदान ज्या करांतून येते ते करही कोणीतरी भरलेले असतात. दुसरी अडचण कार्यकारणाची. समृद्ध प्रदेशच विद्यापीठ काढू शकतात, त्यामुळे समृद्धी हे विद्यापीठाचे कारण की परिणाम, हे ठरवणे कठीण. अर्थशास्त्रज्ञ जॅफी यांनी १९८९ मध्ये राज्यनिहाय आकडेवारीवरून विद्यापीठीय संशोधन व उद्योगांची पेटंटे यांचा संबंध दाखवला. व्हॅलेरो व व्हॅन रीनन यांनी (२०१९) ७८ देशांतील सु. १,५०० प्रदेशांचा अभ्यास करून, दरडोई विद्यापीठसंख्या दुप्पट झाल्यास दरडोई उत्पन्न सु. ४ टक्के वाढल्याचे आढळते, असे मांडले. त्यांनी सार्वजनिक व खाजगी संस्था एकत्र मोजल्या आहेत.

पदवीधर स्थलांतर करून गेल्यास लाभ अन्यत्र जातो. फिनलंडमधील औलू विद्यापीठ (१९५८) व तेथील इलेक्ट्रॉनिक्स उद्योग एकत्र वाढले, पण त्यात नोकियासारखी कंपनी शहरात असण्याचा वाटा मोठा होता. भारतात पंतनगर येथे १९६० मध्ये अमेरिकी भू-अनुदान (मॉरिल कायद्यातील) महाविद्यालयांच्या नमुन्यावर पहिले कृषी विद्यापीठ सुरू झाले. तराईतील (हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यातील) बियाणे उत्पादनाशी त्याचे नाव जोडले जाते.