जलरंगातील ऋतुचित्रण

ऋतूंनुसार पालटणारे रान, गाव आणि आकाश पारदर्शक जलरंगांत, शक्यतो त्या जागी बसून, रंगवण्याची चित्रपरंपरा. महाराष्ट्रात ती मुख्यत्वे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पसरली आणि कोल्हापूर, पुणे, नाशिक या गावांत तिने मूळ धरले. चित्रकारांच्या बोलण्यात चित्राला ‘लँडस्केप’ आणि जागेला ‘स्पॉट’ म्हणतात. तैलरंगातल्या निसर्गचित्रात ऋतू फक्त समोर असतो. जलरंगात तो कागदातही शिरतो, कारण हवेत ओल किती आहे यावर रंग किती वेळ ओला राहणार आणि कुठवर पसरणार हे ठरते. आषाढातले चित्र आणि वैशाखातले चित्र यांत विषयाइतकाच हाताचाही फरक दिसतो, तो यामुळे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पश्चिम भारतात आलेल्या इंग्रज प्रवासी चित्रकारांनी किल्ले, लेणी, घाट यांची जलरंगात नोंद केली. त्याच सुमारास पुण्याचा गंगाराम तांबट हा पुणे दरबारातला इंग्रज वकील (रेसिडेंट) चार्ल्स मॅलेट याच्यासाठी वेरूळची लेणी रेखाटत होता. ही चित्रे नोंदवहीच्या जातीची. त्यांतले आकाश बहुधा एका फिक्या थराचे, कोणत्याही महिन्याचे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली, १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली, आणि निसर्गचित्राला शिक्षण व प्रदर्शन अशा दोन्ही वाटा मिळाल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी शाळेचे प्रमुख असलेले सेसिल बर्न्स स्वतः जलरंगात काम करीत. त्या पिढीतल्या विद्यार्थ्यांच्या हाताला पारदर्शक रंगाचे वळण लागले ते टिकून राहिले.

या परंपरेतले पहिले मोठे नाव कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांचे. त्यांचा मृत्यू १९३१ मध्ये झाला. मुंबईत शिकून ते कोल्हापुरास परतले, राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला, आणि कोटितीर्थ तळे, रंकाळ्यावरचा संध्यामठ यांसारख्या मोजक्या जागा ते वर्षानुवर्षे रंगवीत राहिले. एकाच तळ्यावर बसून प्रहर आणि ऋतू बदलताना पाहणे, ही या परंपरेची खरी सुरुवात मानायला हरकत नाही. लक्ष्मण नारायण तासकर यांनी देवळांच्या आवारातले आणि बाजारातले ऊन पकडले. एम. के. परांडेकर यांनी निसर्गचित्र हाच आपला मुख्य विषय केला. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) सर्वसामान्यांना माहीत असतात ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या समईवालीच्या चित्रामुळे. ते निसर्गचित्र नव्हे. तरी ज्याला जलरंगात उजेड कसा राखायचा हे समजून घ्यायचे असेल त्याने ते अवश्य पाहावे, कारण तिच्या बोटांमधून झिरपणारा उजेड पांढऱ्या रंगाने काढलेला नाही. नंतरच्या काळात नाशिकला शिवाजी तुपे यांनी गोदाकाठ आणि पुण्यात मिलिंद मुळीक यांनी आजची गावे व रस्ते जलरंगात आणले.

पारदर्शक जलरंगात पांढरा रंग म्हणजे न रंगवलेला कागद. रंगद्रव्य बाभूळकुळातल्या झाडाच्या डिंकात घोटलेले असते. पाणी उडून गेले की ते कागदाच्या तंतूंवर बसते आणि उजेड त्यातून जाऊन, कागदावर आपटून परत येतो. ढगाची उजळ कड, पाण्यावरची चमक, पायवाट हे सारे आधी ठरवून मोकळे सोडावे लागते. कागद शक्यतो सुती चिंध्यांपासून केलेला, दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा वापरतात. विद्यार्थी पुण्याच्या हातकागद संस्थेच्या कागदावरही हात बसवतात. कागदाने पाणी लगेच शोषू नये म्हणून त्याला दिलेली खळ पावसाळी दमटपणात उतरते. मग रंग टिपकागदावर पडल्यासारखा आत ओढला जातो, आणि कपाटात दोन पावसाळे पडून राहिलेला महागडा कागद ऐन आकाशाच्या मधोमध ठिपके दाखवतो.

शेताचे वर्ष मृगापासून मोजतात, चित्रकाराचेही तिथूनच मोजावे. जूनच्या आधी वळवाचे ढग दुपारनंतर उठतात, माथा ऐरणीसारखा पसरलेला आणि पोट निळे-काळे. पूर्वेकडे असा ढग चढलेला असताना पश्चिमेचे कलते ऊन गावावर पडले, तर मागे गडद आकाश आणि पुढे उजळलेल्या भिंती अशी उलटापालट होते. एरवी आकाश जमिनीपेक्षा उजळ असते. या वेळी ते नसते, आणि नवशिका इथेच फसतो, कारण आकाश फिके रंगवायची सवय हाताला जडलेली असते. ढगाचा करडा काळ्या रंगाने करीत नाहीत. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळून तो करतात. अल्ट्रामरीनचे कण एकमेकांना चिकटून कागदाच्या खळग्यांत बसतात, रंगाला बारीक खरखर येते आणि ढग भरलेला वाटतो.

पाऊस लागल्यावर हवेतली आर्द्रता कोकणात ८५ टक्क्यांच्या वर जाते आणि कागद अर्धा-अर्धा तास ओलाच राहतो. ओल्या कागदावर सोडलेला रंग आपणहून पसरतो, त्यामुळे डोंगर आणि ढग वेगवेगळे रंगवण्याची सोय राहत नाही. दोन्ही एकाच दमात करावे लागतात. हे अडचणीचे खरे, पण सह्याद्रीही त्या दिवसांत तसाच दिसतो. कडा कुठे संपला आणि ढग कुठे सुरू झाला हे प्रत्यक्षातही सांगता येत नाही. दूरच्या पावसाचे पडदे दाखवायला बोर्ड उभा कलता धरून रंग खाली ओघळू देतात. चूक होते ती घाईने. थर निम्मा वाळलेला असताना त्यावर पाण्याने भरलेला ब्रश टेकला, की पाणी रंग बाजूला ढकलते आणि फुलकोबीसारखा कातरलेला डाग उमटतो. काही जण तो झाड म्हणून खपवतात.

पावसाळ्यात स्पॉटवर बसायचे तर जागा निवडावी लागते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि घाट उतरून वाईला आले की त्याचा लहानसा हिस्साच पडतो. जुलैत महाबळेश्वरी खिडकीतूनच रंगवता येते, पण वाई-मेणवलीच्या घाटावर ढग नुसते डोक्यावरून जात असतात आणि कागद मांडीवर राहू शकतो. कृष्णाकाठच्या या पायऱ्या इतक्यांनी रंगवल्या आहेत त्याचे एक कारण हे पर्जन्यछायेचे हवामान आहे. नाना फडणवीसांचा वाडा हे दुसरे.

लावणीआधी चिखलणी केलेली भातखाचरे आरशासारखी होतात. चित्रात आकाश दोनदा येते, वर आणि खाली, मध्ये बांधांच्या रेघा. खालचे आकाश वरच्यापेक्षा किंचित गडद असते आणि गडद झाडाचे प्रतिबिंब झाडापेक्षा किंचित फिके. हा बारकावा सांभाळला नाही तर खाचर पाण्याचे न वाटता काचेचे वाटते.

हिरव्या रंगाचा प्रश्न श्रावणात उभा राहतो. सगळीकडे हिरवेच असते आणि ट्यूबमधून काढलेला व्हिरिडियन किंवा सॅप ग्रीन तसाच लावला तर रान प्लॅस्टिकचे दिसते. याला चित्रकार ‘कच्चा हिरवा’ म्हणतात. भाताच्या रोपांचा हिरवा पिवळ्याकडे झुकतो, आंब्याचा निळ्या-तपकिरीकडे, ओल्या शेवाळी भिंतीचा काळ्याकडे, आणि ऊन पडलेल्या गवताचा तर जवळजवळ लिंबाच्या सालीकडे. म्हणून हिरवा पॅलेटवर बनवतात : गँबोज किंवा यलो ऑकर यांपैकी एक पिवळा, त्यात निळा, आणि भडकपणा मारण्यासाठी बर्न्ट सिएनाचा थेंब. ऊन-पावसाच्या खेळात उजळ पट्टा शेतावरून सरकत असतो. तो कुठे थांबवायचा हे पहिल्या पाच मिनिटांतच ठरवून टाकावे. उन्हामागे धावणाऱ्याचे चित्र सगळीकडून सारखेच उजळ होते.

हस्ताचा पाऊस सरला की हवा धुतलेली असते. उन्हाळ्यात धुळीने पांढरट झालेले आकाश आता माथ्यावर गर्द निळे आणि क्षितिजाकडे फिके दिसते, कारण क्षितिजाकडून येणारा उजेड हवेच्या अधिक जाड थरातून येतो. वर अल्ट्रामरीन किंवा कोबाल्ट निळा, खाली फिका सेरुलियन निळा, तळाशी ऑकरची नुसती झाक, असा उतरता थर बोर्ड कलता ठेवून वरून खाली ओढतात. शरदातले कापसाचे ढग ओल्या थरातून कागदी रुमालाने टिपून काढण्याची युक्ती सर्वांना माहीत आहे. टिपलेल्या ढगाला खालची सावली दिली नाही, तर तो रुमालाचा ठसा वाटतो एवढे लक्षात ठेवावे.

हिवाळ्यात देशावर शाळूचे पीक असते. पहाटे थंड हवेचा थर जमिनीलगत बसतो आणि चुलीचा धूर वर न जाता गावाच्या उंचीवर आडवा पसरतो. तो निळसर पट्टा मागची झाडे आणि पुढची घरे वेगळी काढतो. खोली दाखवण्यासाठी चित्रकाराला वेगळे काही करावे लागत नाही. फाल्गुनात पळस, पांगारा, सावर फुलतात. तिन्ही झाडे तेव्हा जवळजवळ निष्पर्ण असतात, ही जलरंगकाराची सोय. पानांच्या हिरव्यावर लाल पडला असता तर चिखल झाला असता. चैत्र-वैशाखात कोकणात राब (रोपांच्या जागेवर पसरलेला पालापाचोळा) भाजल्याचे काळे चौकोन आणि देशावर नांगरलेली काळी ढेकळे, वर पांढरे आकाश. दुपारी सावल्या पायाखाली जातात म्हणून सकाळी नऊच्या आत किंवा साडेचारनंतर काम करतात. कोरड्या हवेत रंग मिनिटाभरात वाळतो. मोठा गोल ब्रश, भरपूर पाणी आणि कमी विचार असा या दिवसांचा खाक्या. पाण्यात ग्लिसरीनचे दोन थेंब टाकून वेळ वाढवणारेही आहेत.

शाळकरी मुलाच्या हातून निघणारे दोन त्रिकोणी डोंगर, मधला सूर्य, वाकडी नदी आणि चाराच्या आकड्यासारखे पक्षी हे मराठी घरांतले सर्वांत प्रसिद्ध निसर्गचित्र. त्यात ऋतू नसतो. प्रत्यक्ष पाहून रंगवण्याचा आग्रह कलाशाळांनी धरला तो याच्या विरोधात. पण त्या आग्रहालाही एक साचा चिकटला : कौलारू घर, बैलगाडी, डोक्यावर घागर घेतलेली बाई. गावांत कौलांच्या जागी पत्रे आणि स्लॅब आले, बांधावर वीजपंपाची पेटी आली, तरी प्रदर्शनातल्या चित्रांत ती क्वचितच दिसतात. पत्रा गाळण्यात चित्रकाराचे नुकसानच आहे. पत्र्याचे छप्पर आकाशाचा रंग हुबेहूब उचलते आणि ओल्या दिवशी घर ढगाच्याच रंगाचे होते. कौल असे काही करीत नाही. शेततळ्याच्या प्लॅस्टिक अस्तराचेही तेच. बोर्ड-स्टूल घेऊन बांधावर बसलेल्या माणसाला लोक हमखास मोजणीवाला समजतात, आणि तो काढत असलेल्या चित्रात त्यांचे नवे घर नाही हे त्यांच्या चटकन लक्षात येते.

चित्र पुरे झाले तरी हवामान त्याला सोडत नाही. डिंक आणि कागदाची खळ हे बुरशीचे अन्न आहे. कोकण-मुंबईत काचेला चिकटवून मढवलेल्या चित्रांवर पावसाळ्यात तपकिरी ठिपके उठतात, म्हणून काच आणि कागद यांत माउंटने, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीने, अंतर ठेवतात आणि बाहेरच्या ओल्या भिंतीवर चौकट लावत नाहीत. मात्र ओल घालवण्यासाठी चित्र उन्हात ठेवणे त्याहून वाईट. अलिझरिन क्रिमसनसारखे काही लाल रंग उजेडाने उडतात आणि त्यांच्यासोबत मिसळलेला निळा तेवढा मागे राहतो. संध्याकाळ रंगवताना असेच लाल हाताशी घेतले जात, त्यामुळे जुन्या चित्रांतली काही ढगाळ, करडी आकाशे रंगवली तेव्हा गुलाबी असण्याची शक्यता असते. चौकटीच्या कडेखाली झाकलेली कागदाची पट्टी उघडून पाहिली तर कधीकधी तो गुलाबी तिथे सापडतो.