झेलीच्या जादूमागचा इतिहास

तोमी आडेयेमी यांच्या ओरिशा या कादंबरी-मालिकेतला दुसरा भाग, ‘चिल्ड्रन ऑफ व्हर्च्यू अँड व्हेन्जन्स’, डिसेंबर २०१९ मध्ये आला. पहिल्या भागात झेली नावाची पांढऱ्या केसांची मुलगी जिवाची बाजी लावून आपल्या लोकांची गेलेली जादू परत आणते. दुसरा भाग उघडतो तेव्हा कळतं, की जादू फक्त तिच्या जमातीकडेच, म्हणजे कादंबरीत ‘माजी’ म्हटल्या जाणाऱ्या जादूवाल्यांकडेच, परतलेली नाही. ज्या सरदार-उमरावांच्या पूर्वजांत कधीकाळी जादू होती, तेही आता ताकदवान झाले आहेत. छळणाऱ्यांच्या हातात नवं शस्त्र आलं आहे आणि राज्यात यादवी पेटली आहे. काही वाचकांना हा भाग फार काळोखा वाटला. मला मात्र तो पहिल्याहून जास्त खरा वाटतो, आणि त्याचं कारण पश्चिम आफ्रिकेच्या इतिहासात आहे.

आडेयेमी नायजेरियन आईवडिलांच्या पोटी अमेरिकेत जन्मल्या, हार्वर्डला इंग्रजी साहित्य शिकल्या आणि नंतर अभ्यासवृत्तीवर ब्राझीलमधल्या साल्वाडोरला गेल्या. तिथे त्यांना ओरिशांची चित्रं दिसली, म्हणजे योरुबा लोकांच्या देवदेवतांची. या देवता मूळच्या आजच्या नायजेरिया-बेनिनच्या पट्ट्यातल्या. त्या समुद्रापलीकडे कशा पोहोचल्या, हा प्रश्न विचारला की कादंबरीचा पाया दिसू लागतो.

अठराव्या शतकात योरुबा प्रदेशात ओयोचं साम्राज्य बलाढ्य होतं. त्याच्या घोडदळाचा दरारा होता, आणि गुलामांच्या व्यापारात त्याचा स्वतःचाही हात होता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते आतूनच फुटलं. सेनापती आफोंजाने इलोरिनहून बंड केलं, पुढे इलोरिन उत्तरेकडच्या सोकोटो खिलाफतीकडे, म्हणजे एका मुस्लिम राज्याकडे, गेलं आणि १८३० च्या दशकात ओयोची जुनी राजधानी ओस पडली. त्यानंतर योरुबा शहरंच एकमेकांशी लढत राहिली. त्यांतलं किरिजीचं युद्ध तर १८७७ पासून १८९३ पर्यंत रेंगाळलं. ब्रिटनने १८०७ साली गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली होती खरी, पण ब्राझीलकडे जाणारी जहाजं १८५० पर्यंत भरतच होती. या लढायांतले युद्धकैदी किनाऱ्यावर विकले जात. योरुबा भाषेचा शब्दसंग्रह छापणारे आणि पुढे अँग्लिकन बिशप झालेले सॅम्युअल आजायी क्राउथर हेही लहानपणी, १८२१ मध्ये, अशाच एका हल्ल्यात पकडले गेले होते. ब्रिटिश नौदलाने त्यांचं जहाज अडवलं म्हणून ते वाचले. बाकीच्यांच्या नशिबी ते नव्हतं. गुलामगिरीच्या साऱ्या काळात मिळून सुमारे ४८ लाख आफ्रिकी माणसं ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. दुसऱ्या कुठल्याही देशात एवढी गेली नाहीत.

ओयोच्या पडझडीमुळे बाईया प्रांतात, म्हणजे साल्वाडोरच्या परिसरात, योरुबा माणसं मोठ्या संख्येने आली. त्यांनी देव सोडले नाहीत. वर कॅथलिक संतांची नावं, आत ओरिशा. वाऱ्यावादळाची ओया तिथे संत बार्बराच्या आडून पुजली गेली. या उपासनेला कांदोम्ब्ले म्हणतात. तिच्यात ढोलाच्या तालावर देव भक्ताच्या अंगात येतो, आणि साल्वाडोरच्या जुन्या, नावाजलेल्या देवस्थानांची सूत्रं पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्याच हाती राहिली आहेत. गुलामगिरी १८८८ मध्ये संपली, तरी पोलिसांच्या धाडी थांबल्या नाहीत. बाईयात पूजेसाठी पोलिसांकडे नोंदणी करण्याची सक्ती उठायला १९७६ साल उजाडलं. कादंबरीतला राजा सरान जादूवाल्यांना वेचून मारतो, त्यांच्या पोरांना हिणवायला लावतो. ते वाचताना मला या धाडी आठवतात. लेखिकेने पहिल्या पुस्तकाच्या टिपणात मात्र आजच्या अमेरिकेकडे बोट दाखवलं आहे: पोलिसांच्या गोळीने मरणाऱ्या निःशस्त्र कृष्णवर्णीयांच्या बातम्या रोज पाहत असतानाच आपण हे लिहिलं, असं त्या सांगतात.

झेलीची ताकद ओयाकडून येते. योरुबा परंपरेत ओया नायजर नदीची, वादळाची देवी आहे आणि मृतांशी, स्मशानाशी तिचं नातं आहे. म्हणून झेली मृतात्म्यांना उठवते, तेही योरुबा भाषेतल्या मंत्रांनी. किशोरांच्या इंग्रजी फँटसीत वर्षानुवर्षं युरोपातले किल्ले आणि ड्रॅगन होते. त्या मांडणीत ओयाची भक्तीण नायिका होणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते. पहिल्या भागाला २०१९ मध्ये विज्ञानकथा-फँटसीच्या ह्युगो पुरस्कारांच्या सोहळ्यात दिला जाणारा किशोर साहित्याचा लोडस्टार पुरस्कारही मिळाला.

दुसऱ्या भागाचा शेवट पाहा. यादवीत दोन्ही बाजू एकमेकांना खिळखिळं करतात आणि अखेर झेली परक्यांच्या जहाजावर, कैदेत जागी होते. आधी आपसातली लढाई, मग जहाज. ओयोनंतर लाखो माणसांच्या आयुष्यात गोष्टी याच क्रमाने घडल्या होत्या. २०२४ मध्ये आलेला तिसरा भाग त्याच जहाजावरून सुरू होतो.