ज्वारीचे आंबवण, घरगुती

ज्वारीचे पीठ किंवा मोड आणलेली ज्वारी पाण्यात अथवा ताकात भिजवून सूक्ष्मजीवांकरवी आंबट वा मादक करण्याची घरगुती क्रिया. सोलापूर जिल्ह्यात तिचे नित्याचे रूप म्हणजे आंबील. धान्याची बिअर हे दुसरे रूप येथे तुलनेपुरते घेतले आहे.

व्युत्पत्ती : संस्कृत ‘अम्ल’, पाली-प्राकृत ‘अंबिल’, मराठी ‘आंबील’ ही साखळी सर्वसाधारणपणे मान्य आहे. ‘म’ आणि ‘ल’ किंवा ‘र’ यांच्यामध्ये ‘ब’ शिरणे प्राकृताच्या अंगवळणी पडलेले आहे. ‘आम्र’चा ‘अंब’ आणि पुढे आंबा झाला तो याच वाटेने. दुसऱ्या मताप्रमाणे कन्नड-तेलुगूतील ‘अंबलि’ हा मूळचा द्राविडी शब्द असून मराठीने तो शेजारून उचलला. मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या सोलापुरात हे मत चटकन पटते. कन्नड अंबलि म्हणजे पातळ पेज, ती आंबलेलीच हवी असे नाही, हा त्या बाजूचा मुद्दाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. तथापि जैनांच्या ‘आयंबिल’ या व्रतनामाचे संस्कृत रूप ‘आचाम्ल’ असे देतात, आणि त्यावरून प्राकृत परंपरेचे वजन वाढते. शब्द प्राकृतातून आला व अर्थाची एक छटा कन्नडकडून मिळाली, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. ताक घालून त्याच दिवशी शिजवलेल्या, मुळीच न आंबवलेल्या पेजेलाही काही घरांत आंबील म्हणतात, त्याचा उलगडा यातून होतो.

आयुर्वेदातील कांजिक, धान्याम्ल व सौवीरक ही याच कुळातील आंबट द्रव्ये. मादक आंबवणाचा तपशील कौटिलीय अर्थशास्त्राच्या ‘सुराध्यक्ष’ प्रकरणात आहे. त्या ग्रंथाचा काळ वादग्रस्त असून इ. स. पू. चौथे शतक ते इ. स. तिसरे शतक अशा रुंद पट्ट्यात तो ठेवला जातो. अलीकडचा कल उत्तरार्धाकडे आहे. तेथे उडीद व तांदूळ यांपासून ‘किण्व’ म्हणजे आंबवण्याचे विरजण कसे बांधावे हे सांगितले आहे. कुटुंबवत्सल माणसाला मंगलकार्यासाठी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट (आंबवलेला औषधी काढा) घरी करण्याची मुभाही दिली आहे. आजचा कायदा याहून कडक आहे : महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमानुसार (१९४९) परवान्यावाचून घरी बिअर करणे हा गुन्हा ठरतो. आंबील त्यात येत नाही.

प्रक्रिया : आंबिलीत मुख्य काम दुग्धाम्ल जिवाणूंचे. रात्री शाळूचे पीठ ताकात कालवून मातीच्या मडक्यात ठेवतात, तोंडाला फडके बांधतात. सकाळी फडके मध्यभागी फुगीर दिसले, कान लावल्यावर बारीक चुरचुर ऐकू आली आणि नाकाला आंबूस पण स्वच्छ वास लागला, की ते साधले. मग उकळत्या पाण्यात मीठ-जिरे व ठेचलेला लसूण टाकून हे पीठ धार धरून ओततात, रवीने किंवा पळीने सतत ढवळतात आणि निवल्यावर ताक घालतात.

बिअरसाठी पिठातील स्टार्चची आधी साखर व्हावी लागते. ते काम मोड आलेल्या धान्यातील विकरे (एन्झाइम) करतात आणि ज्वारी येथेच अडते. तिचा स्टार्च फुलायला साधारण ७० अंश से. उष्णता लागते, तर साखर बनवणारे एक महत्त्वाचे विकर त्याआधीच निकामी होऊ लागते. शिवाय जवाच्या मानाने ते ज्वारीत मुळातच कमी असते. म्हणून आफ्रिकेत ज्वारीची बिअर करताना धान्य आधी शिजवून निववतात व मग मोडाचे पीठ घालतात. ही बिअर गढूळ, आंबूस असते आणि आंबत असतानाच एक-दोन दिवसांत संपवतात. ज्वारीच्या कोंबा-मुळांत धुरिन नावाचे द्रव्य असते आणि त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते. मोड वाळवून, चोळून, मुळ्या पाखडून टाकणे आणि पुढे नीट शिजवणे हा भाग म्हणूनच टाळता येत नाही. ज्वारीचे मोड कच्चे खाण्याचा सल्ला देणाऱ्यांनी हे लक्षात घेतलेले दिसत नाही.

अपघात : बहुतेक अपघात उतावीळपणातून होतात, सोलापुरात त्याला उन्हाची जोड मिळते. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांवर जातो. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला शेतात न्यायच्या ज्या आंबिलीला थंडीत दोन दिवसही लागतात, ती वैशाखात एका रात्रीत कडक आंबते आणि काठोकाठ भरलेले मडके उतू जाते. मडके तृतीयांश रिकामे ठेवण्याचा प्रघात त्यासाठीच आहे. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ती कळकते. वर पांढरी पातळ साय धरली तर ती बहुधा निरुपद्रवी किण्वाची, म्हणजे यीस्टची, असते. काळी, हिरवी किंवा गुलाबी बुरशी दिसल्यास मात्र सगळेच फेकावे, वरचा थर काढून भागत नाही. ओतताना हात थांबला की गुठळ्या होतात, आणि त्या पुढे कितीही घोटल्या तरी पुरत्या मोडत नाहीत.

जवाच्या बिअरला वरच्या थरात आंबणारे किण्व वापरल्यास १८ ते २२ अंश मानवते. तिशीपलीकडे ते झपाट्याने काम करते, पण पेयाला केळ्याचा किंवा थिनरसारखा दर्प येतो आणि तो नंतर हटत नाही. खरा धोका बाटलीत असतो. आंबणे संपले की नाही हे बुडबुड्यांवरून ठरवता येत नाही. घनतामापकाचे वाचन लागोपाठ दोन-तीन दिवस तेच आले पाहिजे. लिटरमागे ४ ग्रॅम साखर आंबली की सुमारे २ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. फेसासाठी बाटलीत लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम साखर घालतात. त्यात अर्धवट आंबलेली साखर उरलेली असली आणि वर खोलीचा उकाडा मिळाला, तर दाब वाढून काच फुटते, आणि तिचे तुकडे दूरवर उडतात.

आंबील अति आंबट झाल्यास टाकत नाहीत. ताजे पीठ व पाणी घालून ती मऊ करतात, किंवा वाटीभर बाजूला काढून पुढच्या मडक्याला विरजण म्हणून लावतात.