लघुपल्ला बिनतारी तंत्रज्ञान आणि व्हिडिओ गेम कन्सोल

काही सेंटिमीटरांपासून साधारण दहा-पंधरा मीटरांपर्यंतच्या अंतरात, बहुधा परवान्याची गरज नसलेल्या कंप्रता-पट्ट्यांतून माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या तंत्रांना लघुपल्ला बिनतारी तंत्रे म्हणतात. अवरक्त किरण, ब्लूटूथ, दोन यंत्रांना थेट जोडणारे वाय-फाय, निकट-क्षेत्र संप्रेषण (एनएफसी), अतिविस्तृत-पट्टा रेडिओ (यूडब्ल्यूबी) आणि ६० गिगॅहर्ट्झचे दुवे यांचा त्यांत समावेश होतो. कन्सोलचा कंट्रोलरशी, हेडफोनशी, पडद्याशी आणि दुसऱ्या कन्सोलशी असलेला संबंध तारेवाचून जुळवणे हे त्यांचे काम.

या तंत्रांची चर्चा बहुधा वेगाच्या आकड्यांभोवती फिरते. कन्सोलच्या इतिहासात मात्र दोन वेगळ्याच गोष्टी निर्णायक ठरलेल्या दिसतात : संदेश ठरल्या क्षणी पोचण्याची हमी आणि त्या त्या देशाने खुला ठेवलेला कंप्रता-पट्टा. भावी कन्सोलचा अंदाजही याच दोन अंगांनी बांधणे इष्ट.

प्रारंभ : पहिला बिनतारी कंट्रोलर कोणता, याविषयी एकमत नाही. अटारी कंपनीने १९८३ मध्ये आपल्या २६०० या कन्सोलसाठी रेडिओ लहरींवर चालणाऱ्या जॉयस्टिकची जोडी विक्रीस आणली. अनेक संदर्भ तिलाच अग्रमान देतात. तथापि इतर उत्पादकांचे तशाच धर्तीचे जॉयस्टिक साधारण त्याच सुमारास बाजारात होते. शिवाय खुद्द अटारीने १९८१ च्या आसपास २७०० या क्रमांकाच्या, मुळातच बिनतारी कंट्रोलरसह बेतलेल्या कन्सोलचे नमुने तयार केले होते. तो विक्रीस आला नाही. त्याच्या कंट्रोलरला स्वतंत्र ओळखसंकेत नव्हता, त्यामुळे एका घरातील हालचाल जवळपासच्या दुसऱ्या कन्सोलवर उमटू शकत असे, असे त्याविषयी नमूद केले जाते. हे वर्णन मुख्यतः उत्तरकालीन असल्याने त्यातील पल्ल्याचे आकडे जपूनच घ्यावेत. मात्र ते ग्राह्य धरले, तर न विकल्या गेलेल्या या यंत्राचे महत्त्व विकल्या गेलेल्या जॉयस्टिकपेक्षा अधिक ठरते. ‘हा कंट्रोलर माझा’ हे कन्सोलने कसे ओळखावे, हा जोडणीचा मूळ प्रश्न तेथे प्रथम स्पष्ट झालेला दिसतो.

त्यानंतरची बरीच वर्षे अवरक्त किरणांची होती. निन्टेन्डोचे चार खेळाडूंसाठीचे ‘सॅटेलाइट’ हे जोडयंत्र (१९८९) याच तत्त्वावर चाले. अवरक्त किरण भिंतीपलीकडे जात नाहीत, म्हणून शेजाऱ्याचा उपद्रव होत नाही. पण मध्ये माणूस आला की संदेश तुटतो. या मर्यादेमुळे कंट्रोलरच्या मुख्य दुव्यातून ते मागे पडले. दिशा ओळखण्यासाठी मात्र निन्टेन्डोच्या वी कन्सोलने (२००६) त्यांचा नेमका उपयोग केला. टीव्हीवर ठेवायच्या पट्टीत फक्त अवरक्त दिवे होते. ते पाहणारा कॅमेरा खेळाडूच्या हातातील रिमोटमध्ये होता, आणि बटणांचे संदेश ब्लूटूथने जात.

आधुनिक कालखंड निन्टेन्डोच्या ‘वेव्हबर्ड’पासून (२००२) धरण्याचा प्रघात आहे व तो योग्य वाटतो. २.४ गिगॅहर्ट्झ पट्ट्यात चालणाऱ्या या कंट्रोलरला १६ वाहिन्यांची चकती होती; ती हाताने फिरवून वाहिनी निवडावी लागे. कंपनाची मोटर त्यात नव्हती, कारण ती बॅटरी झपाट्याने खाते. बिनतारी दुव्यासाठी खेळाच्या अनुभवातील एक अंग गाळावे लागले, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

वेळेचे गणित : सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या खेळात प्रत्येक चित्राच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. १२० चित्रांच्या खेळात ८.३. बटण दाबल्याची वार्ता या अवधीत पोचली नाही, तर ती पुढच्या चित्रावर ढकलली जाते. विलंब थोडा पण एकसारखा असेल, तर खेळाडूचा हात त्याला सरावतो. तो क्षणाक्षणाला बदलू लागला की सराव निरुपयोगी होतो. म्हणून सरासरी विलंबापेक्षा विलंबातील चढउताराला अधिक महत्त्व द्यावे, हे मत येथे ग्राह्य मानले आहे.

ब्लूटूथची कल्पना एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये आकाराला आली. १९९८ मध्ये तिच्यासाठी उद्योगसमूह स्थापन झाला. मूळ ब्लूटूथमध्ये १ मेगॅहर्ट्झ रुंदीच्या ७९ वाहिन्या असून दुवा सेकंदाला १,६०० वेळा वाहिनी बदलतो. म्हणजे प्रत्येक कालखंड ६२५ मायक्रोसेकंदांचा. एका खंडात कन्सोल विचारतो, पुढच्या खंडात कंट्रोलर उत्तर देतो, असे १.२५ मिलिसेकंद एका फेरीला लागतात. एका जाळ्यात एका प्रमुख यंत्राभोवती जास्तीत जास्त सात यंत्रे सक्रिय राहू शकतात. प्लेस्टेशन ३ ला (२००६) सात कंट्रोलर जोडता येत, हा योगायोग नसावा. सातही कंट्रोलरना एकेकदा विचारून होईपर्यंत ८.७५ मिलिसेकंद जातात. ६० चित्रांच्या खेळाला हे पुरते. १२० चित्रांच्या खेळात हिशेब चुकू लागतो.

या जाळ्यात ध्वनीही कोंबला की ताण दिसू लागतो. निन्टेन्डो स्विच २०१७ मध्ये आला, पण त्यावर ब्लूटूथ हेडफोनची सोय सप्टेंबर २०२१ मध्ये मिळाली, तीही अटींसह : हेडफोन जोडलेला असताना दोनच बिनतारी कंट्रोलर चालतात, आणि शेजारच्या कन्सोलशी थेट खेळ सुरू केला की हेडफोन तुटतो. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथ ध्वनीला १०० मिलिसेकंदांहून अधिक विलंब होणे सर्रास आढळते. त्यामुळे सोनीने प्लेस्टेशन पोर्टल या हातयंत्रात (२०२३) ब्लूटूथ ध्वनी ठेवलाच नाही. त्याऐवजी ‘प्लेस्टेशन लिंक’ हा स्वतःचा दुवा दिला.

मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० साठी (२००५) प्रथमपासूनच २.४ गिगॅहर्ट्झमधील खासगी संकेतप्रणाली निवडली आणि २०१६ पासून कंट्रोलरमध्ये ब्लूटूथची भर घातली. खासगी प्रणालीत वेळेवर पूर्ण ताबा राहतो, हा तिचा खरा गुण. पण कंपनीने हात आखडता घेतला की चांगले यंत्र निकामी होते, हा दोषही तितकाच खरा आहे. दूरच्या सर्व्हरवर खेळ चालवून चित्र घरी पाठवणाऱ्या गूगलच्या स्टेडिया सेवेचा कंट्रोलर (२०१९) वाय-फायने थेट दूरच्या सर्व्हरशी बोलत असे. जानेवारी २०२३ मध्ये सेवा बंद झाली, तेव्हा गूगलने त्यातील ब्लूटूथ खुले करून दिले आणि ते कंट्रोलर इतर यंत्रांवर वापरता येऊ लागले. असे खुले दार प्रत्येक खासगी कंट्रोलरला सुरुवातीपासून असावे. यंत्राचे आयुष्य सेवेच्या आयुष्याला बांधलेले असू नये.

सान्निध्याचा खेळ : दोन हातयंत्रे जवळ आणून खेळणे हा कन्सोलच्या संस्कृतीतील अत्यंत समृद्ध भाग आहे, आणि तो घडवला लघुपल्ल्यानेच. नोकियाच्या एन-गेजने (२००३) ब्लूटूथवर, तर गेम बॉय ॲडव्हान्सने २००४ मध्ये वेगळ्या जोडयंत्रावर ही सोय दिली. निन्टेन्डो डीएस आणि सोनी पीएसपी (दोन्ही २००४) यांनी ती यंत्रातच बसवली. डीएसमध्ये एकाच्या कार्डावरील खेळाचा काही भाग मित्रांच्या यंत्रांत उतरवून सर्वांना खेळता येई. प्रत्येकाने खेळ विकत घेण्याची गरज नसे.

पुढची पायरी खिशातल्या खिशात होणाऱ्या भेटींची. जपानमध्ये २००९ मध्ये आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट ९’ मध्ये रस्त्याने जाणाऱ्या दोन खेळाडूंची यंत्रे आपसूक माहितीची अदलाबदल करीत. अशा भेटींची संख्या १० कोटींच्या वर गेली व तिची गिनेस विक्रम म्हणून नोंद झाली. निन्टेन्डो ३डीएसने (२०११) ‘स्ट्रीटपास’ या नावाने ही सोय यंत्रातच अंतर्भूत केली. स्विचमध्ये ती राहिली नाही. इंटरनेटवरील खेळ सर्वत्र झाल्यावर तिची गरज उरली नाही, असे म्हटले जाते. परंतु अनोळखी माणूस खरोखर जवळून गेला म्हणून खेळात काही घडणे, याला इंटरनेट हा पर्याय ठरत नाही. स्विच २ मधील (२०२५) ‘गेमशेअर’ या सोयीत एकाच प्रतीवरून जवळच्या इतर कन्सोलवर खेळता येते. मात्र डीएस मित्राच्या यंत्रात खेळाचा कार्यक्रम उतरवी, तर येथे खेळ यजमान यंत्रावरच चालतो आणि इतरांकडे चित्रप्रवाह जातो.

१३.५६ मेगॅहर्ट्झवरील एनएफसीचा वापर मुख्यतः संग्राह्य बाहुल्यांपुरता राहिला. निन्टेन्डोच्या ‘अमीबो’ (२०१४) या त्यांतील सर्वांत टिकाऊ ठरल्या.

चित्राची तार : अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २००२ मध्ये ३.१ ते १०.६ गिगॅहर्ट्झचा पट्टा अत्यल्प शक्तीच्या यूडब्ल्यूबीसाठी खुला केला, तेव्हा घरातील सर्व दृक्‌श्राव्य तारा काही वर्षांत जातील अशी अपेक्षा होती. वायमीडिया या कंपन्यांच्या गटाने सेकंदाला ४८० मेगॅबिटचा वेग पुढे ठेवला. फ्रीस्केल या चिप-उत्पादक कंपनीचा गट वेगळ्या पद्धतीवर अडून बसला. तोडगा न निघाल्याने मानक तयार करणारा गट २००६ मध्ये विसर्जित झाला. पुढील ब्लूटूथ यूडब्ल्यूबीवर चालेल ही त्याच वर्षीची घोषणाही फळाला आली नाही. अपयशाचे खापर काहीजण चिपच्या किमतीवर फोडतात, काहीजण मानकाच्या भांडणावर. दुसरे कारण अधिक मूलगामी वाटते. यूडब्ल्यूबी २०१९ नंतर मोबाइलमध्ये परतले ते अंतर मोजण्यासाठी. कंट्रोलर खोलीत नेमका कोठे आहे, हे ते काही सेंटिमीटरांच्या अचूकतेने सांगू शकते.

चित्र तारेवाचून पाठवण्याचा कन्सोलमधील ठोस प्रयोग म्हणजे निन्टेन्डोचा वी यू (२०१२). त्याचा गेमपॅड हा पडदा असलेला कंट्रोलर ५ गिगॅहर्ट्झ वाय-फायवर ८५४ × ४८० बिंदूंचे संकोचित चित्र जवळजवळ विलंबाशिवाय दाखवी. यंत्र बाजारात अपयशी ठरले, तंत्र नव्हे. ६० गिगॅहर्ट्झचा पट्टा याहून कितीतरी अधिक माहिती वाहतो. एचटीसी व्हाइव्ह या आभासी वास्तव टोपासाठी २०१८ मध्ये त्यावर चालणारे जोडयंत्र आले. पण ही लहर हाताच्या आडोशानेही अडते. प्लेस्टेशन व्हीआर२ (२०२३) तारेनेच जोडावा लागतो, यावरून प्रश्न किती चिवट आहे हे कळते.

भावी दिशा आणि भारतातील स्थिती : कमी ऊर्जेच्या ब्लूटूथमध्ये दोन संपर्कांमधील किमान अंतर दीर्घकाळ ७.५ मिलिसेकंद होते. २०२५ मधील ६.२ या आवृत्तीने ते ३७५ मायक्रोसेकंदांवर आणण्याची तरतूद केली. तारेच्या काही कंट्रोलरची सेकंदाला १,००० वेळा विचारणा होते; ही तरतूद त्यापुढे जाते. कन्सोल आणि कंट्रोलर या दोहोंनी ती स्वीकारली, तर खासगी प्रणालींच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद दुबळा होईल. एलई ऑडिओ या कमी ऊर्जेच्या ब्लूटूथवरील नव्या ध्वनिपद्धतीमुळे हेडफोनचा विलंबही बराच खाली येऊ शकतो.

पट्ट्याचा प्रश्न मात्र चिपने सुटत नाही. भारतात २.४ गिगॅहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ च्या नियमांनी परवानामुक्त झाला आणि ५ गिगॅहर्ट्झमध्ये २०१८ मध्ये मोठी मोकळीक मिळाली. ६ गिगॅहर्ट्झचा पट्टा अमेरिकेने एप्रिल २०२० मध्येच १,२०० मेगॅहर्ट्झ रुंदीने खुला केला होता. भारतात तो तेव्हा खुला झाला नव्हता. परिणामी, नोव्हेंबर २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ प्रो जगभर विक्रीस आला तेव्हा भारत वगळला गेला; वाय-फाय ७ साठी लागणाऱ्या ६ गिगॅहर्ट्झ पट्ट्याला येथे तेव्हा परवानगी नव्हती, हे कारण सोनीने दिले. रेडिओच्या नियमामुळे एखादा मुख्य कन्सोल भारतीय ग्राहकापर्यंत पोचू नये, याचे हे ठळक उदाहरण. मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने ५,९२५ ते ६,४२५ मेगॅहर्ट्झ हा खालचा भाग घरातील कमी शक्तीच्या वापरासाठी परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. वरचा भाग मोबाइल सेवांना मिळावा, अशी दूरसंचार कंपन्यांची मागणी होती. खालच्या भागाच्या या ५०० मेगॅहर्ट्झमध्ये वाय-फाय ७ ची ३२० मेगॅहर्ट्झ रुंदीची एकच पूर्ण वाहिनी मावते, १,२०० मेगॅहर्ट्झमध्ये एकमेकींवर न येणाऱ्या तीन. १६० मेगॅहर्ट्झच्या तीन वाहिन्या मात्र या ५०० मध्येही बसतात. दाट वस्तीच्या इमारतींत शेजाऱ्यांना त्याच वाटून घ्याव्या लागतील.